नवी रॅम बसवली, पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

धूळपाटी (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे सहा वर्षांपूर्वी जोडून घेतलेला डेस्कटॉप संगणक आहे. त्यात डीडीआर४ प्रकारची ८ गिगाबाइटची एकच स्टिक असून मदरबोर्डवर रॅमचे चार स्लॉट आहेत. ब्राउझर, एक भलीमोठी स्प्रेडशीट आणि छायाचित्रांवर काम करण्याचे सॉफ्टवेअर एकाच वेळी उघडले, की टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वापर ९५ टक्क्यांच्या पुढे जातो आणि हार्ड डिस्कचा दिवा अखंड लुकलुकू लागतो. म्हणून तेवढ्याच क्षमतेची आणि त्याच ३२०० वेगाची दुसरी स्टिक घेतली. जुन्या स्टिकचे मॉडेल आता मिळत नसल्याने कंपनी मात्र वेगळी आहे.

काल नवी स्टिक आधी प्रोसेसरला सर्वांत जवळच्या, म्हणजे पहिल्या स्लॉटमध्ये बसवली. जुनी दुसऱ्यात होतीच. संगणक सुरू झाला, १६ गिगाबाइट दिसली आणि काम संपले असे वाटले. नंतर सीपीयू-झेडमध्ये (संगणकाच्या भागांची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर) 'सिंगल चॅनल', म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमध्ये एकच वाट, असे दिसल्यामुळे मदरबोर्डचे मॅन्युअल शोधून काढले. दोन स्टिक असतील तर त्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्यात, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. त्याप्रमाणे नवी स्टिक चौथ्या स्लॉटमध्ये हलवली आणि तेव्हापासून पंखे फिरतात, कीबोर्डचे दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. मदरबोर्डवर 'डीरॅम' (म्हणजे रॅम) असे लिहिलेला बारीक पिवळा दिवा तेवढा पेटून राहतो. नवी स्टिक काढली की सगळे पूर्ववत होते.

चौथा स्लॉट मेला आहे असे समजायचे का? तसे असेल तर दोन्ही स्टिक पहिल्या-दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवून समाधान मानावे काय?

जुनी जोडणी

स्लॉट मेला असा निकाल इतक्या लवकर देऊ नका. मदरबोर्डवरचे स्लॉट क्वचित मरतात. स्टिक नीट न बसणे मात्र रोजचेच आहे. आधी पुढील गोष्टी एकेक करून पाहा आणि प्रत्येक वेळी एकच स्टिक बोर्डावर ठेवा. नवी स्टिक एकटी दुसऱ्या स्लॉटमध्ये चालते का? जुनी स्टिक एकटी चौथ्यात चालते का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणतीही एक स्टिक तिसऱ्या स्लॉटमध्ये चालते का?

तिसऱ्या स्लॉटबद्दल मुद्दाम विचारत आहे. तुमच्यासारख्या बहुतेक बोर्डांवर पहिला व दुसरा स्लॉट एका चॅनलचे आणि तिसरा व चौथा दुसऱ्या चॅनलचे असतात. तिसरा स्लॉट चालला, तर दुसरे चॅनल जिवंत आहे आणि दोष एकट्या चौथ्या स्लॉटपुरता उरतो. तिसरा आणि चौथा दोन्ही गप्प राहिले, तर मात्र संशय प्रोसेसरच्या सॉकेटकडे जातो. सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली असेल किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले गेले असतील, तर अख्खे चॅनल नाहीसे झालेले मी पाहिले आहे. गेल्या काही महिन्यांत कूलर काढला होता का?

दशांश

मूळ प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत, समाधान मानायचे की नाही यावर थोडे लिहितो. डीडीआर४ची एक स्टिक एका वेळी ६४ बिट देते. ३२०० हा आकडा दर सेकंदाला होणाऱ्या देवाणघेवाणींचा, दशलक्षांत मोजलेला आहे. म्हणजे एका चॅनलमधून सेकंदाला कमाल २५.६ गिगाबाइट माहिती जाऊ शकते. दोन चॅनल चालू असतील तर ही मर्यादा ५१.२ होते. पहिल्या-दुसऱ्या स्लॉटमध्ये दोन स्टिक बसवणे म्हणजे एकाच रस्त्यावर दोन गोदामे बांधण्यासारखे आहे. साठवण वाढली, रस्ता तेवढाच राहिला. स्प्रेडशीटला याचा फारसा फरक पडत नाही, परंतु प्रोसेसरमधलेच अंगभूत ग्राफिक्स वापरत असाल तर चांगलाच पडतो, कारण त्याला स्वतःची वेगळी मेमरी नसते आणि तेही याच रॅमवर जगते.

जाता जाता, सीपीयू-झेडमध्ये पुढे १६०० दिसले तर फसवणूक झाली असे समजू नये. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती जाते, म्हणून १६०० मेगाहर्ट्झ म्हणजेच डब्यावरचे ३२००. हा प्रश्न दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतोच.

वाचनमात्र

दुसरा आणि चौथाच का? पहिला आणि तिसरा घेतला तरी दोन वेगळी चॅनल मिळतीलच ना?

जुनी जोडणी

मिळतील, आणि कमी वेगावर कदाचित सुरळीत चालतीलही. पण आजच्या बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसरपासून निघालेली वाट आधी पहिल्या स्लॉटला लागते आणि तिथून पुढे दुसऱ्याकडे जाऊन संपते. स्टिक फक्त पहिल्यात असेल, तर तिच्यापुढचा वाटेचा तुकडा मोकळा लोंबकळत राहतो. सिग्नल त्या मोकळ्या टोकापर्यंत जाऊन मागे परततो आणि खऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. वेग वाढला की हा प्रतिध्वनी त्रास देऊ लागतो. स्टिक वाटेच्या शेवटी असली की मागे मोकळे टोक उरतच नाही. काही बोर्डांची रचना निराळी असते, म्हणून ऐकीव नियमापेक्षा त्या बोर्डाच्या मॅन्युअलमधली आकृती प्रमाण मानावी. धागाकर्त्याने ती उघडून पाहिली हे फार चांगले केले. अनेकजण ती डब्यासोबत टाकून देतात.

कूर्मगती

स्टिक पुन्हा काढण्या-घालण्याआधी एक विनंती. संगणक 'शट डाउन' केला तरी केबल लावलेली असेपर्यंत एसएमपीएसकडून (वीजपुरवठ्याच्या डब्याकडून) बोर्डाला ५ व्होल्टचा राखीव पुरवठा चालूच असतो. केबल काढा, मग कॅबिनेटचे पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाईल. बोर्डावरचा बारीक दिवा विझला की मगच हात घाला. विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शिफ्ट दाबून शट डाउन करावे, म्हणजे संगणक खरोखर पूर्ण बंद होतो.

दुसरी गोष्ट स्थिर विजेची. बोटातून बसणारा चटका आपल्याला साधारण ३,००० व्होल्टच्या आसपास जाणवू लागतो, आणि चिपला त्याहून पुष्कळ कमी व्होल्टेजही पुरते. म्हणजे आपल्याला काहीही न कळता स्टिक बिघडू शकते. गालिच्यावर बसून हे काम करू नये, लोकरीचे कपडे घालू नयेत, आणि स्टिक हातात घेण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा. स्टिक कडांना धरावी. सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये.

धूळपाटी

सर्वांचे आभार. कूलर आजवर एकदाही काढलेला नाही. निकाल असे आहेत: नवी स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटी चालते. जुनी स्टिक चौथ्यात चालत नाही, तोच पिवळा दिवा. तिसऱ्यात दोन्ही स्टिक आळीपाळीने चालल्या.

म्हणजे दोष चौथ्या स्लॉटचाच ना? जुन्या स्टिकवरच्या सोनेरी पट्ट्या थोड्या काळपट दिसत आहेत. खोडरबराने घासू का?

जुनी जोडणी

दोष चौथ्या स्लॉटच्या जागी आहे, इतकेच सिद्ध झाले. तो स्लॉटमध्ये आहे की बसवण्यात, हे अजून ठरायचे आहे. दोन्ही स्टिक आणि दुसरे चॅनल निर्दोष आहेत हे कळले, हा मोठा लाभ आहे.

तुमच्या स्लॉटला दोन्ही टोकांना उघडणाऱ्या क्लिप आहेत की एकाच? एकाच टोकाला असेल तर नीट वाचा. क्लिप नसलेले टोक स्थिर असते आणि ते बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या बाजूला येते, त्यामुळे वरून दिसत नाही. माणूस क्लिपच्या बाजूने दाबतो, 'खट्' असा आवाज येतो, क्लिप बंद होते आणि स्टिक बसली असे वाटते. प्रत्यक्षात स्थिर टोक दीड-दोन मिलिमीटर वरच राहिलेले असते. आधी स्थिर टोक खोबणीत पूर्ण खाली न्यावे, मग क्लिपकडचे टोक दाबावे आणि शेवटी दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोके एकदम दाबून पाहावीत. कॅबिनेट आडवे ठेवून हे करा. जोर अपेक्षेपेक्षा अधिक लागतो आणि बोर्ड किंचित लवतो. पहिल्यांदा करणाऱ्याची छाती धडधडते, पण चालते. स्टिकची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळली आहे याची मात्र आधी खात्री हवी, कारण उलटी धरलेली स्टिक जोराने दाबली तर ती मोडते किंवा स्लॉट तरी जातो.

बसल्यावर टॉर्च धरून बाजूने पाहा. स्लॉटच्या कडेवर सोनेरी पट्ट्यांची जी बारीक रेघ उरते, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या जाडीची दिसली पाहिजे. एका बाजूला जाड होत गेली असेल, तर स्टिक तिरकी आहे.

कूर्मगती

खोडरबर नको. वर्षानुवर्षे सगळेच दुरुस्तीवाले ते वापरतात आणि बऱ्याचदा संगणक चालूही होतो हे खरे. पण तो निम्म्या वेळा स्टिक काढून पुन्हा बसवल्यामुळे चालू होतो आणि श्रेय खोडरबर घेऊन जाते. त्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो. खोडरबर तो झिजवते आणि आपला चुरा मागे ठेवते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने एकाच दिशेने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

आणखी एक. सहा वर्षे रिकाम्या राहिलेल्या स्लॉटमध्ये काय काय साचले असेल याचा विचार करा.

दशांश

खोडरबराबाबत माझा थोडा मतभेद आहे. पांढरे मऊ खोडरबर एकदा हलक्या हाताने फिरवले म्हणून स्टिक मरत नाही. तरीही दुसरा उपाय हाताशी असताना त्याकडे वळू नये, हे मान्य.

धूळपाटी

डिस्प्ले आला! दोन्ही स्टिक, दुसरा आणि चौथा स्लॉट, सीपीयू-झेडमध्ये 'ड्युअल'.

माझ्या स्लॉटला एकाच टोकाला क्लिप आहे. चौथा स्लॉट बोर्डाच्या कडेला असून त्याला लागूनच २४ पिनांची जाड पॉवर केबल येते, तिच्यामुळे अंगठा सरळ बसत नव्हता. स्थिर टोक ग्राफिक्स कार्डाच्या खाली दडलेले होते, म्हणून ते कार्ड काढून टॉर्च लावली. कालच्यासारखीच स्टिक बसवून पाहिल्यावर सोनेरी रेघ खरोखरच तिरकी दिसली. क्लिपकडे केसाएवढी आणि कार्डाकडे चांगली नखाच्या कडेएवढी. स्टिक काढून स्लॉटमध्ये पाहिले, तर मधल्या उंचवट्याजवळ करड्या धुळीची एक वात आणि तीत अडकलेला कापडाचा धागा होता. कोरड्या मऊ ब्रशने आणि हवेच्या फुग्याने स्लॉट साफ केला, स्टिक सांगितल्याप्रमाणे बसवली आणि संगणक पहिल्या फटक्यात सुरू झाला.

जुनी जोडणी

अभिनंदन. धूळ काढणे आणि नीट बसवणे या दोन्ही गोष्टी एकदम केल्यामुळे खरे कारण कोणते, हे आता कधीच कळणार नाही. दुरुस्ती शिकवताना मी यासाठी रागावत असतो, पण तुमच्या जागी मीही तेच केले असते. माझे मत तिरक्या बसलेल्या स्टिकच्या बाजूने आहे.

आता बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन वेग पाहा. एक्सएमपी, म्हणजे कंपनीने स्टिकमध्ये साठवलेले जलद वेगाचे प्रोफाइल, चालू केलेले नसेल तर स्टिक ३२०० वर चालत नसून २४०० किंवा २६६६ वर चालत असतील.

वाचनमात्र

मध्येच विचारते, क्षमा असावी. माझा नवा संगणक डीडीआर५चा आहे आणि घरात डीडीआर४च्या दोन स्टिक पडून आहेत. दोन्हींना २८८ पिना असतात असे वाचले. मग त्या बसतील का?

दशांश

नाही. पिनांची संख्या सारखी असली तरी खाच वेगळ्या जागी आहे, आणि ती मुद्दामच तशी ठेवली आहे. डीडीआर४ला १.२ व्होल्ट लागतात, डीडीआर५ला १.१. शिवाय डीडीआर४मध्ये व्होल्टेज सांभाळण्याचे काम मदरबोर्ड करतो, तर डीडीआर५मध्ये त्यासाठीची चिप स्टिकवरच असते. (डीडीआर३ला २४० पिना होत्या, त्यामुळे डीडीआर३ आणि डीडीआर४मध्ये असा संभ्रमच नव्हता.)

डीडीआर५साठी दोन सूचना देऊन ठेवतो. नवी स्टिक घातल्यावर पहिल्यांदा सुरू होताना संगणक मेमरीची जुळणी तपासत बसतो आणि त्यात काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो. घाबरून बटण दाबू नका, नाहीतर तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करील. दुसरे म्हणजे, चार स्टिकचा मोह टाळा. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसर मालिकेत दोन स्टिकसाठी अधिकृत वेग ५२०० आहे आणि चार भरल्या की तो ३६०० वर येतो. पुढे वाढवायची शक्यता असेल तर सुरुवातीलाच मोठ्या क्षमतेच्या दोन स्टिक घेणे शहाणपणाचे.

धूळपाटी

एक्सएमपी चालू केले. टास्क मॅनेजर ३२०० दाखवतो. मात्र आज दोन विचित्र गोष्टी घडल्या. एक मोठी झिप फाइल उघडताना 'फाइल दूषित आहे' असा संदेश आला. तीच फाइल दुसऱ्यांदा उघडली तर व्यवस्थित उघडली. आणि संध्याकाळी ब्राउझरचे दोन टॅब आपोआप कोसळले. हा योगायोग असावा का?

जुनी जोडणी

योगायोग नाही. कृपया महत्त्वाच्या कोणत्याही फाइलवर काम करू नका, विशेषतः काहीही 'सेव्ह' करू नका. रॅममध्ये एक बिट चुकला आणि ती चूक डिस्कवर लिहिली गेली, तर ती कायमची तिथे राहते आणि महिनोन्महिने लक्षातही येत नाही. डिस्प्ले न येणारी रॅम परवडली. ती निदान खोटे बोलत नाही.

पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर घ्या आणि संगणक त्यावरून सुरू करून रात्रभर चालू द्या. विंडोजमधली मेमरीची चाचणी प्राथमिक तपासणीपुरती ठीक आहे, पण ती अनेक दोष सोडून देते. चुका आल्या तर एक्सएमपी बंद करून पुन्हा चाचणी घ्या. तेव्हाही आल्या, तर एकेक स्टिक वेगळी तपासावी लागेल.

तसेच दोन्ही स्टिकवरचे लेबल पाहून सीएलचे (रॅमला उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळेचे) आकडे इथे लिहा.

धूळपाटी

एक्सएमपी चालू असताना पहिल्याच फेरीत लाल ओळी उमटू लागल्या. एक्सएमपी बंद केल्यावर दोन पूर्ण फेऱ्या झाल्या, एकही चूक नाही.

जुन्या स्टिकवर १६-१८-१८-३६ असे आहे. नव्या स्टिकवर १८-२२-२२-४२. दोन्ही ३२०० आणि १.३५ व्होल्ट. घेताना मी फक्त ३२०० जुळवले. पुढचे आकडे पाहिलेच नाहीत.

दशांश

इथेच मेख आहे. बोर्डाने जुन्या स्टिकचे प्रोफाइल उचलून दोघींनाही लावले असावे, आणि नवीला त्या घाईने उत्तर देता येत नाही. सीएल म्हणजे मागणी केल्यापासून माहिती हाती येईपर्यंत जाणाऱ्या ठोक्यांची संख्या. ती २००० ने गुणून वेगाने भागली की नॅनोसेकंद मिळतात. जुनीला १० नॅनोसेकंद लागतात, नवीला ११.२५. हा सव्वा नॅनोसेकंद तुम्हाला कामात कधीही जाणवणार नाही, पण तो नाकारला तर नवी स्टिक चुकते.

बायोसमध्ये हाताने वेग ३२००, व्होल्टेज १.३५ आणि टायमिंग (लेबलवरचे ते चार आकडे) १८-२२-२२-४२ असे भरा. जलद स्टिक मंद गतीने खुशाल चालते. मंद स्टिकला जलद चालवता येत नाही. तरीही चुका आल्या तर वेग ३००० वर आणा.

कूर्मगती

म्हणूनच दोन स्टिक एकाच डब्यातल्या, एकत्र तपासून विकलेल्या घ्याव्यात असे म्हणतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्टिक एकत्र चालतच नाहीत असे नव्हे, माझ्या स्वतःच्या संगणकात तशाच आहेत. फक्त त्या चालतील याची हमी कोणी देत नाही आणि जुळवाजुळव आपल्या पदरी पडते. आकडे भरताना चूक होऊन डिस्प्ले गेलाच, तर केबल काढून बोर्डावरची गोल बॅटरी काही मिनिटे काढून ठेवा, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेला सीमॉस (बायोसची सेटिंग जपणारी मेमरी) पुसण्याचा जंपर वापरा. बायोस मूळ स्थितीत येईल.

धूळपाटी

शेवटचा वृत्तांत. सांगितल्याप्रमाणे आकडे भरले. एकदा ४२ च्या जागी २४ टाइप केले आणि डिस्प्ले गेला. बॅटरी काढून परत आणला. त्यानंतर मेमटेस्ट रात्रभर चालवली आणि सकाळी चार फेऱ्या पूर्ण, चुका शून्य असे पडद्यावर होते. ती झिप फाइल सलग पाच वेळा उघडून पाहिली, पाचही वेळा नीट उघडली. एक्सएमपी चुकीचे असताना त्या दिवशी सेव्ह केलेल्या तीन स्प्रेडशीट मात्र बॅकअपमधून जुन्या प्रती आणून बदलल्या.

दोन्ही स्टिकच्या लेबलांचे छायाचित्र आणि हाताने भरलेले आकडे एका कागदावर छापून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवले आहेत, कारण बायोस अपडेट केला किंवा ती बॅटरी संपली की हे सगळे पुन्हा भरावे लागणार आहे.